भेग दिसली तर

आम्ही दोघे भाऊ वाशिमहून गोव्याला निघालो, तेव्हा मावशीने विचारले, "चोरांच्या जत्रेत तुमचं काय काम रे पोरांनो?" तिचा प्रश्न रास्त होता. त्याच वर्षी एका खोट्या फोनला भुलून तिने आयुष्यभराची पुंजी गमावली होती.

'नलकॉन' ही हॅकरांची परिषद २०१० साली गोव्यात सुरू झाली. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तेथे प्रथमच पाऊल ठेवले, तेही मोबाईल बंद करून, जीव मुठीत धरून! संगणकप्रणालीतील भगदाडे शोधून काढणाऱ्यांचा तो मेळा. परंतु त्यांची रीत ऐकून आम्ही चकित झालो. दोष आढळला की प्रथम मालकाला कळवायचे, दुरुस्तीला अवधी द्यायचा आणि मगच जगाला सांगायचे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार बेकायदाच.

आम्ही वरमलो. शेजाऱ्याच्या भिंतीला भेग दिसली, की आपण आधी गावभर सांगतो. त्याला सर्वांत शेवटी.

परतल्यावर मावशीला ही रीत समजावून सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मग मला कोणी आधी सांगितलं का नाही रे?"

संगणक शिकलेले आम्ही दोघे तिच्याच घरात राहत होतो.