औटकीचा ताळा

आमच्या वडिलांच्या पिढीस दोन गोष्टींचा मोठा अभिमान असे. एक, हिशेब तोंडीं करण्याचा आणि दुसरा, ताळा पाहिल्यावांचून वही न मिटण्याचा. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक जुना हिशेब पुन्हां उघडण्याचा प्रसंग आला. त्या वेळीं पहिला गुण आमच्या अंगीं नव्हताच, पण दुसऱ्याचाहि आम्हांस विसर पडल्याचें उघडकीस आलें.

१९८६ सालीं आमच्या मेहुण्यांनीं विलायतेहून येतांना सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ नांवाचा घरगुती संगणक आणला. १९८२ सालीं बाजारांत आलेलें हें यंत्र लहानशा पाटीएवढें, रबरी कळांचें. पडदा म्हणून त्यास घरचा दूरदर्शनसंच जोडावयाचा आणि आज्ञावली जपून ठेवावयाची ती गाण्याच्या साध्या कॅसेटवर. तेव्हां आमचें बिऱ्हाड दादरास होतें. यंत्राशीं मुलांनीं खेळावें अशी आमची कल्पना. परंतु त्याचा खरा नाद लागला तो आमच्या तीर्थरूपांना. नाना शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेले. सात वर्षांच्या नातीस पावकी-निमकी येत नाहीं, हें त्यांचें शल्य. त्यांनीं पुस्तकावरून बेसिक भाषा आत्मसात केली आणि पावकी, निमकी व औटकी विचारणाऱ्या तीन आज्ञावल्या रचल्या. यंत्रास देवनागरी अंक ठाऊक नव्हते. मात्र एकवीस अक्षरांचे आकार आपण घडवावे अशी सोय त्यांत होती, प्रत्येक आकार आठ-आठ ठिपक्यांच्या आठ ओळींचा. नानांनीं आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून दहाहि अंक बसविले आणि अर्ध्यासाठीं जुन्या वहिवाटीच्या दोन उभ्या रेघांचा अकरावा आकार केला. सातांची औटकी बरोबर आली कीं पडद्यावर ‘२४॥’ उमटे.

नानांना जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. आम्हीहि दादर सोडून विरारच्या पूर्वेस मनवेलपाड्यास आलों. यंत्र व कॅसेट एका ट्रंकेंत पडून होतीं. कन्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसह राहावयास आली असतां पणजोबांचा संगणक पाहण्याचा हट्ट निघाला आणि आम्ही कामास लागलों.

कॅसेटवरील आज्ञावली म्हणजे वस्तुतः एक कर्कश सूर. शून्यासाठीं आंखूड लाट, एकासाठीं तिच्या दुप्पट लांबीची. अशा सुमारें दीड हजार खुणा सेकंदास वाजतात. प्रत्येक भागाच्या शेवटीं एक जादा बाइट असतो. मागील सर्व बाइटांवरून काढलेला तो ताळाच होय. तो जुळला नाहीं तर यंत्र ‘टेप लोडिंग एरर’ म्हणून हात वर करतें. जुन्या कॅसेटवरून नव्या संगणकांत आज्ञावली न्यावयाची तर हा सूर बिनचूक मुद्रित करावा आणि लाटा मोजून त्यांचे पुन्हां आंकडे करावे. उलट न्यावयाची तर आंकड्यांचा सूर करून तो जुन्या यंत्राच्या कानांत वाजवावा. त्या छिद्रावर ‘इअर’ असेंच लिहिलेलें आहे.

पहिली खटपट फसली. नवा लॅपटॉप माणसाचें बोलणें स्पष्ट यावें म्हणून इतर आवाज गोंगाट समजून दाबतो आणि नानांची औटकी त्याच्या लेखीं निव्वळ गोंगाट! ती सोय बंद केली, आवाज कमी केला, टेपरेकॉर्डरचें हेड स्पिरिटानें पुसलें, त्याच्या बाजूचा बारीक स्क्रू लाटा सर्वांत उंच दिसेपर्यंत किंचित् किंचित् फिरविला. तिसऱ्या दिवशीं ताळा जुळला. जुन्या यंत्राचें सोंग घेणाऱ्या आज्ञावलीनें लॅपटॉपवर औटकी विचारावयास सुरुवात केली. अर्ध्या तासाच्या ध्वनिमुद्रणाची फाइल जवळजवळ सोळा कोटी बाइटांची, आणि तिन्ही आज्ञावल्या मिळून वीस हजारांच्याहि आंत. उपयोगाचें तेवढें ठेवून मोठी फाइल आम्हीं पुसून टाकली.

कन्येनें पडदा पाहिला, अंक पाहिले आणि विचारलें, “बाबा, नानांचा आवाज कुठें आहे?”

तेव्हां आठवलें. प्रत्येक आज्ञावलीच्या आधीं नाना स्वतः बोलत. तें वाक्य संपेपर्यंत लहानपणीं ती कळीवर बोट ठेवून थांबलेली असे. तार जोडलेली असल्यामुळें खोलींत कांहींच ऐकूं आलें नव्हतें; आम्ही केवळ लाटा पाहत बसलों होतों. आंकडे काढणाऱ्या आज्ञावलीनें बोलणें निरुपयोगी म्हणून गाळलें होतें. नव्या यंत्रास नुसतें बोलणें हवें होतें, जुन्यास नुसते आंकडे. दोन्ही राखणें हें आमचें काम होतें आणि तेंच आम्हीं केलें नव्हतें.

कॅसेट पुन्हां लावली. समुद्राकांठच्या दमट हवेनें फितीस बुरशी आली होती. आरंभींच ती रुळांत गुंतली आणि हातभर फीत चुरगळली. पावकीपूर्वींचें वाक्य गेलें तें गेलेंच. निमकीचें आलें, आणि औटकीच्या आधीं, स्वच्छ, वर्गांत उभें राहून बोलावें तसें, “आतां औटकी. घाई करूं नये.” कन्या उठून खिडकीशीं गेली आणि ढगांत बुडालेल्या जीवदानीच्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिली.

ज्यांच्या घरीं अशा कॅसेटी असतील त्यांनीं आमच्या चुकीवरून एवढें ध्यानांत घ्यावें: मूळ ध्वनि आरंभापासून शेवटपर्यंत उतरवून दोन ठिकाणीं ठेवावा, मगच त्यांतून आंकडे काढावे, आणि ताळा जुळला तरी कॅसेट टाकूं नये.

त्याच संध्याकाळीं लॅपटॉपवरून सूर वाजवून औटकी मूळच्या स्पेक्ट्रममध्यें परत घातली. पडद्याच्या कडांवर निळ्या-पिवळ्या रेघा धांवल्या, आणि पाऊण मिनिटानें नानांचे अंक उभे राहिले. नातीनें सातांची औटकी तेवीस सांगितली. आम्हांस बरोबर उत्तर येत होतें. पण घाई केली नाहीं.