काळ्या रानातून पोवळ्याच्या पाण्यात

अगत्तीच्या लगूनमधून बाहेर पडलो आणि तांडेलकाकांनी इंजिन बंद केलं. आधी मोठं शीड चढलं, मग नाळेकडचं छोटं. वायव्येचा वारा शिडात भरला, नौका उजव्या कुशीवर कलली आणि ईशान्येला बंगारमच्या दिशेनं निघाली. अगत्ती आणि बंगारममध्ये जेमतेम आठ-दहा किलोमीटर पाणी. मोटरबोटीनं हे अंतर चटकन संपतं. आम्हाला ते संपवायची घाई नव्हती.

काका मालवणचे. नौदलात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांची ही लहानशी नौका, आणि तिची तळाची पाती वर ओढून घेता येते, म्हणून उथळ पाण्यातही ती शिरते. लक्षद्वीपला प्रवेश-परवान्याशिवाय जाता येत नाही. ते सगळे कागद त्यांनी कोचीतच पुरे करून ठेवले होते. मी मानवत रोड स्टेशनवरून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून कोची आणि पुढे छोट्या विमानानं अगत्ती असा येऊन त्यांना मिळालो.

मानवत म्हणजे कापसाची पेठ. वेचणीचा हंगाम आला की बाजार समितीच्या आवारात पांढरे ढीग आणि जिनिंगच्या आसपास हवेत तरंगणारा तंतू. भोवती गोदावरीच्या खोऱ्यातली काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिथल्या माणसाला समुद्र परका वाटावा हे साहजिक. पण त्या दिवशी भर पाण्यात मला जे उमगलं ते नेमकं उलटं होतं.

लगूनबाहेर थोडं पुढे गेल्यावर खोली मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे झपाझप वाढले आणि मग दिसेनासेच झाले. त्याला तळ लागेना. पाण्याचा रंग शाईसारखा झाला. म्हणजे आम्ही एका बुडालेल्या डोंगराच्या शिखरावरून निघून दुसऱ्या शिखराकडे चाललो होतो आणि मधल्या दरीवर तरंगत होतो. प्रवाळाचं कंकणद्वीप असंच घडतं. ज्वालामुखीचा डोंगर समुद्रात उभा राहतो, त्याच्या कडेला पोवळी वाढतात. डोंगर हळूहळू खचत जातो, पोवळी मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि त्याच्या काठाचं कडं तेवढं उरतं. चार्ल्स डार्विननं १८४२ साली हे मांडलं. त्याची खात्री पटायला १९५२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक इथे हजार मीटरहून जास्त चुनखडक खोदल्यावर खाली बसाल्ट सापडला.

बसाल्ट म्हणजे आमचा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो दगड झिजून मुरूम झाला, मुरमाची काळी झाली, काळीत कापूस आला. भूशास्त्रज्ञ सांगतात की हा लाव्हा ज्या तप्त स्थानातून वर आला ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे बुडालेल्या डोंगरांची एक लांब रांग सोडत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्याच रांगेवरची पोवळ्यांची बेटं. १९८७ मध्ये संशोधकांच्या जहाजानं या रांगेत समुद्रतळ खोदून खडक वर काढले, तेव्हा मालदीवजवळचा बसाल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा आणि चागोसजवळचा ४.९ कोटी वर्षांचा निघाला. दक्षिणेकडे जावं तसं वय कमी होतं. रियुनियनवरचा ज्वालामुखी तर अजून धुमसतो.

हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं. पण पायाखाली नौका हलत असताना, खाली अंधाऱ्या पाण्यात माझ्या वावराच्या दगडाचाच धाकटा भाऊ बसला आहे हे कळणं वेगळं. माझं ऊर भरून आलं. घरून बांधून आणलेली धपाटी काढली, काकांना दिली, आणि त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तू काय परको नाय."

बंगारमचं कडं जवळ आलं तेव्हा दुपार व्हायची होती. ही वेळ काकांनी मुद्दाम धरली होती. सूर्य डोक्यावर असला की पाण्याचा तळ वाचता येतो. समोरून ऊन आलं की नुसता चकाकणारा पत्रा दिसतो. शिवाय पाणी भरतीचं हवं. नौका चुकून टेकलीच तर वाढतं पाणी तिला उचलतं; ओहोटीत टेकली तर ती तिथेच बसते. शिडं उतरवली, पाती वर घेतली आणि मला नाळेवर उभं केलं. "तपकिरी दिसला काय हात वर कर," एवढीच सूचना. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे पोवळ्याचा माथा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधून हिरवी वाट आत जात होती. दोनदा माझा हात वर गेला, दोनदा काकांनी सुकाणू फिरवलं, आणि आम्ही आत आलो. आत पाणी एकदम स्वस्थ.

नांगर टाकायला काकांनी बराच वेळ घेतला. निखळ वाळूचा पट्टा मिळेपर्यंत ते फिरत राहिले. साखळी वाऱ्याबरोबर झाडू मारल्यासारखी तळावर फिरते आणि पोवळ्याची कित्येक वर्षांची वाढ एका दुपारीत मोडून टाकते. मला हा वेळ फार मोलाचा वाटला.

काच लावून पाण्यात उतरलो. पोपटमासे पोवळं कुरतडत होते. त्याचा कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्या पोटातून चुना बारीक होऊन बाहेर पडतो आणि इथल्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा बराचसा भाग असाच तयार होतो. पण जिवंत पोवळ्यांच्या शेजारी मेलेल्या फांद्याही पुष्कळ होत्या, शेवाळ चढलेल्या. पोवळ्यातला जीव आपल्या अंगात सूक्ष्म शैवाल बाळगतो आणि मुख्यतः त्यावर जगतो. पाणी फार दिवस तापलं की तो ते शैवाल टाकून देतो, पांढरा पडतो, आणि गारवा वेळेत आला नाही तर मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ च्या उन्हाळ्यातही झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या दीर्घ अभ्यासात १९९८ पासून जिवंत पोवळ्यांचं आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे. करपलेलं रान मी पाहिलेलं आहे. इथे बघताना घसा तसाच दाटला.

कडं मेलं तर बेट उघडं पडतं, कारण लाटांचा मार तेच झेलतं. याच बंगारमच्या कड्यावर पराली नावाची छोटी बेटं आहेत. त्यातलं पहिलं १९६८ मध्ये सव्वातीन हेक्टरच्या आसपास होतं. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासानुसार ते पूर्ण झिजून गेलं. काकांनी हात करून दिशा दाखवली. तिकडे फक्त पाणी होतं.

परतताना वारा वाढला, शीड थोडं आखडून घ्यावं लागलं, पण अगत्ती उजेडातच गाठलं.

संध्याकाळी किनाऱ्याजवळच्या एका अंगणात चहा मिळाला. अंगणात विहीर, आणि पाणी किती वर! पावसाचं गोडं पाणी वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं. भरती-ओहोटीबरोबर विहिरीची पातळीही थोडी वर-खाली होते. घरातले वृद्ध गृहस्थ हिंदीत समजावत होते: जोराचे पंप लावले की खालचं खारं वर येतं, मग ती विहीर बिघडते. म्हणून छपराचं पाणी टाकीत साठवायचं. मी त्यांना आमच्या बोअरबद्दल सांगितलं, शेकडो फूट खाली जाऊनही कोरड्या राहिलेल्या. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस कधी येतो? मी म्हणालो, जूनच्या मध्याला, नशीब असलं तर त्याच्या आधी. ते म्हणाले, आमच्याकडे त्याच्या आधी पोचतो. आम्हाला भिजवूनच तुमच्याकडे येतो. मग सरकी कधी टोबायची, पेरणी हुकली तर काय करायचं, हे ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो.