एका जादा मताने

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास शिकवते असं सांगितलं, की हमखास प्रश्न येतो : ‘मग हा देश मुळात चांगला की वाईट?’ विचारणाऱ्याकडे स्वतःचं उत्तर बहुधा तयारच असतं, आणि दोन्ही उत्तरांना आपल्याकडे आधार सापडतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. पंडिता रमाबाईंनी तिथलं लोकजीवन पाहून १८८९ साली मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे ज्या पिढीने रेशनवर अमेरिकी गहू खाल्ला, तिनेच १९७१च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे अमेरिकेचं सातवं आरमार निघाल्याची बातमी ऐकली.

मी उत्तरादाखल फिलिपिन्सची गोष्ट सांगते.

१८९८ साली अमेरिका स्पेनशी लढली ती क्युबाच्या मुक्तीचं नाव घेऊन. क्युबा आम्ही गिळंकृत करणार नाही, असा ठराव अमेरिकी काँग्रेसने आधीच केला होता. फिलिपिन्सबद्दल मात्र तसं वचन कोणी दिलेलं नव्हतं. तिथले क्रांतिकारक नेते आगिनाल्दो यांनी जूनमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं; डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनने २ कोटी डॉलरच्या बदल्यात ती बेटं अमेरिकेच्या हवाली केली. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांनी या ताब्याला परोपकाराचा मुलामा दिला.

मग अमेरिकेतच रान पेटलं. बॉस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघ उभा राहिला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि कामगार नेते सॅम्युअल गॉम्पर्स एरवी एकमेकांचे वैरी. इथे दोघे एका बाजूला. माजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड त्यांच्यासोबत, आणि पुढे मार्क ट्वेनही. त्यांचं म्हणणं सरळ होतं : लोकांच्या संमतीवर राज्य चालतं असं १७७६ साली जगाला सांगणाऱ्या देशाला संमतीविना प्रजा ठेवता येत नाही. इंडियानाचे अल्बर्ट बेव्हरिज यांच्यासारखे विस्तारवादी म्हणत, ईश्वराने हे काम आपल्यावर सोपवलं आहे. आणि चीनची बाजारपेठही तिथून जवळ आहे.

इथवर चांगले आणि वाईट वेगळे काढता येतात. पण संघाबाहेरच्या विरोधकांत दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर टिलमन होते, आणि त्यांना भीती होती ती आणखी गौरेतर लोक अमेरिकेत मिसळण्याची. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने अमेरिकेला साम्राज्याचा भार उचलायला सांगणारी कविता लिहिली, ती टिलमन यांनी सिनेटमध्ये वाचली, पण साम्राज्याच्या विरोधात! समतेची भाषा बोलणारे आणि वंशद्वेष्टे एकाच बाजूला बसले होते.

६ फेब्रुवारी १८९९ रोजी सिनेटने तह मंजूर केला : ५७ विरुद्ध २७. दोन तृतीयांशासाठी लागत होती ५६. दोनच दिवस आधी मनिलात अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता.

त्या युद्धात ४,२००हून जास्त अमेरिकी आणि २०,०००हून जास्त फिलिपिनो सैनिक मेले; हिंसा, उपासमार आणि रोगराईत २ लाखांपर्यंत नागरिक गेले असावेत. हे आकडे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्याच इतिहासकारांचे आहेत. १९०१च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक मनिलात उतरले. त्याच वर्षअखेरीस सामार बेटावर जनरल स्मिथ यांनी दहा वर्षांवरील, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारण्याचा हुकूम दिला. १९०२ साली त्यांच्यावर लष्करी खटला चालला. शिक्षा म्हणाल तर सक्तीची निवृत्ती. शाळा आणि संहार एकाच सरकारने पाठवले, आणि दोन्हींची झाडाझडती त्याच देशाच्या सिनेट समितीसमोर आणि वर्तमानपत्रांत झाली. संहार टळला नाही, पण तो झाकलाही गेला नाही. मला हा देश त्यात सापडतो.

स्वातंत्र्याचा रस्तासुद्धा असाच. १९३४च्या कायद्याने दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य देऊ केलं, आणि त्याच कायद्याने फिलिपिनो स्थलांतरितांची मर्यादा वर्षाला ५० माणसांवर आणली. साखरेतली स्पर्धा नको असलेले शेतकरी, स्वस्त मजूर नको असलेल्या संघटना आणि प्रामाणिक साम्राज्यविरोधक यांनी मिळून एक राष्ट्र मोकळं केलं. १९४६ साली ते प्रत्यक्ष स्वतंत्र झालं.

साम्राज्याचा तो वाद संपलेला नाही. २०२५च्या जानेवारीत ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात मॅकिन्ले यांची स्तुती केली आणि अलास्कातल्या देनाली शिखराला पुन्हा त्यांचं नाव दिलं. म्हणून ‘खरी अमेरिका आता दिसली’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, १८९९ सालच्या ५७ जणांची की २७ जणांची? त्या देशाचा स्वभाव म्हणजे हे भांडणच आहे. निकाल बाजारभाव, निवडणूक आणि भीती यांवर ठरतो. तत्त्वं दोन्ही पक्ष वापरतात.

हे सर्वांत नीट ओळखलं ते फिलिपिनोंनी. जगात अमेरिकेविषयी सर्वाधिक आपुलकी असलेल्या देशांत त्यांची गणना होते. तरीही १९९१ साली त्यांच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळांचा करार फेटाळला आणि सुबिक बेचा नाविक तळ रिकामा करवला. दक्षिण चीन समुद्रात चीनचा दाब वाढला, तेव्हा २०१४ साली नवा करार करून त्याच सैन्याला पुन्हा यायची वाट मोकळी केली. अमेरिकेच्या स्वभावावर विसंबायचं नाही आणि त्यावर रुसायचंही नाही, हा धडा आपल्या परराष्ट्र खात्याने वॉशिंग्टनमध्ये शोधण्याऐवजी मनिलात शिकावा.