मुक्कामी गाडी आणि मायचा डबा

नांदेडहून लातूरला सरळ रेल्वे नाही. रेल्वेनेच जायचे म्हटले तर परभणी-परळीचा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने धावणारी एस.टी. हीच आमची आगगाडी. आमचे बालपण लोह्याजवळच्या एका खेड्यात गेले, बी.कॉम. नांदेडला झाले आणि कारकुनीची नोकरी लातूरला लागली. म्हणजे आमचे सारे आयुष्य या एका रस्त्यावर, तेही लाल गाडीच्या खिडकीशी, गेले म्हणा ना!

आमच्या गावी रोज संध्याकाळी मुक्कामी गाडी येई आणि सकाळी सहाला नांदेडकडे निघे. धुरळा दिसला की आम्ही पोरे वेशीकडे पळत सुटायचो. वाहकाच्या खांद्याला चामडी पिशवी, हातात रंगीत तिकिटांचा ट्रे आणि तो टिक्-टिक् वाजणारा पंच. मोठेपणी काय व्हायचे असे गुरुजींनी विचारले की वर्गातली अर्धी पोरे 'कंडक्टर' म्हणून सांगत. त्यांत आम्हीही होतो.

चालक-वाहक मारुतीच्या देवळाच्या ओवरीत झोपत आणि गावातून पाळीपाळीने त्यांना भाकरी येई. 1991 च्या सुमारास एक नवे वाहक आले. पारावर बसलेल्या कोणीतरी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव. कोणी वाईट बोलले नाही. फक्त त्या रात्री भाकरी एकाच माणसापुरती आली. चालक जातीने मराठा होते. त्यांनी ती मोडून अर्धी वाहकाला दिली आणि ते दोघेही ओवरी सोडून गाडीतच झोपले. ही बातमी आमच्या वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. आमचे दादा कंदील घेऊन गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "जयभीम साहेब, घरी चला. पिठलं-भाकर आहे." वाहक आले, आणि त्यांच्या मागून चालकही आले. पुढे त्यांची पाळी असली की दोघेही आमच्याच ओसरीवर जेवत.

या वाहकांचे एक ऋण आमच्यावर आहे. आमची अक्का सातवी होऊन घरी बसली होती. गावात पुढची शाळा नव्हती आणि रोजचे तिकीट परवडत नव्हते. तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पैशांत विद्यार्थ्यांना मासिक पास मिळतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वाहकांनीच अर्ज आणला, शाळेचा शिक्का कुठे घ्यायचा ते दादांना समजावले. अक्का 1995 साली दहावी पास झाली. आज ती अंगणवाडी सेविका आहे.

प्रवास आणि जात यांचा इतिहास आपल्याला नवा नाही. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच एका बांधवाने लगाम धरला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1932 मध्ये, निजाम सरकारने 27 गाड्यांनिशी संस्थानात सरकारी बससेवा सुरू केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिकीट काढले की जागा, हा साधा नियम आपल्या आजोबा-पणजोबांना किती मोठा वाटला असेल! एस.टी.चे ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असे आहे. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना गावोगाव पाठवताना उच्चारलेले हे शब्द. गाडीत बसणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते कोण जाणे.

आता डब्याची गोष्ट. 1998 साली आम्ही नांदेडला कॉलेजात दाखल झालो आणि वजिराबादेच्या बाजूला दोघातिघांत एक खोली घेतली. खानावळ परवडणारी नव्हती. माय पहाटे चारला उठून भाकरी थापी, डबा फडक्यात बांधी आणि सहाच्या गाडीत वाहकाच्या हवाली करी. गावातल्या पाच-सहा पोरांचे डबे चालकाशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर एकावर एक रचले जात, त्यामुळे नांदेडला पोचेपर्यंत भाकर कोमटच राही. संध्याकाळी त्याच गाडीने रिकामे डबे परत. मराठवाड्यातल्या किती पोरांच्या पदव्या या झाकणावर शिजल्या याचा हिशेब कोणत्याही डेपोत मिळणार नाही!

एके दिवशी डबे बदलले. आमच्या हाती आला त्यात तुपाच्या पोळ्या आणि वांग्याची भाजी होती. आम्ही ओळखले, हा पाटलाच्या पोराचा. गावात त्याच्या वाड्यात आम्ही उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो. पोटात गोळा आला. डबा उघडला म्हणून बोलणी खावी लागतील की काय, असे वाटले. दुपारी कॉलेजच्या आवारात तो आमच्याकडे येताना दिसला. हातात मायचा डबा, धुऊन पुसून रिकामा.

"अंबाडीची भाजी होती," तो म्हणाला. "सगळी खाल्ली. तू काय खाल्लंस?"

"तुझं."

"मग झालं की."

त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी आम्ही मुद्दाम डबे बदलत असू. फडक्याच्या गाठी मात्र ज्याच्या त्याला, जशा होत्या तशा बांधून परत पाठवायचो. गावी सुट्टीला गेलो की तो पारावर बसे आणि आम्ही दुरूनच मान हलवीत असू. त्याबद्दल त्याच्यावर तेव्हा राग होता. आज तितकासा नाही, पण अजिबात नाही असेही म्हणवत नाही.

ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. वाहकाच्या भाकरीवर वाढलेले आम्ही. त्यांच्या मागण्यांना आमचा पाठिंबा होता. पण त्या महिन्यांत गावच्या मुली लोह्यापर्यंत पायी जात, तेही डोळ्यांनी पाहिले. मुक्कामी गाडी बंद झाली ती पुन्हा आलीच नाही. आता सकाळी एक फेरी असते. वाहकाच्या हाती यंत्र आले, पंचाचा टिक्-टिक् आवाज गेला. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे अक्का आमच्याकडे लातूरला वरचेवर येते. माय असती तर गंजगोलाई रोज बघून गेली असती.

गेल्या उन्हाळ्यात अहमदपूरच्या स्थानकावर तोच मित्र गाडीत चढला. केस पिकलेले, हातात फडक्यात बांधलेला डबा. मुलगी लातूरला शिकवणीसाठी राहते, तिचा. आमच्या शेजारी जागा होती, बसला. चाकूरपर्यंत पाऊस, सोयाबीनचा भाव, पोरांच्या परीक्षा असे बोलणे झाले. मग डब्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "आई आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला अजून सांगितलं नाही बघ."


आम्ही म्हटले, "आमच्या मायला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझी गाठ वेगळी पडायची."