दिघ्याच्या सफेत दोन मस्लक

ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल पकडली की पहिलेच स्थानक दिघा गाव. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झाले. त्याआधी इथली माणसे ऐरोली किंवा कळवा गाठत. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. इलठणपाड्याची दाट वस्ती नि रेल्वेचे ब्रिटिशकालीन धरण याच बाजूला. डोंगरापलीकडे मुंब्रा-कौसा.

कारखान्यांमागे पोटासाठी माणसे आली. कुणी उत्तर प्रदेशातले हनफी, कुणी कोकणातले शाफई. जुम्म्याच्या सफेत एक जण रुकूत जाताना हात उचलतो, शेजारचा उचलत नाही. मुले हे पाहतात आणि घरी विचारतात, "अब्बा, बरोबर कोण?" बहुतेक घरांत उत्तर ठरलेले: "आपण."

असाच एखादा मुलगा आलिमच्या कोर्सला जातो. दर्स-ए-निजामीत 'हिदाया' हातात येते. ग्रंथ हनफी फिक्हचा, पण त्यात इमाम शाफई (रह.) यांचे मत त्यांच्या दलिलीसह मांडलेले असते. अस्रची वेळच घ्या. भर दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफईंची अस्र सुरू. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. पण त्यांचेच शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) एकपट सावली मानतात! इमाम शाफई या इमाम मुहम्मदांकडेही शिकले. पुढे मिसरला गेल्यावर त्यांनी स्वतःचीच अनेक मते बदलली. जुनी ती 'कदीम', नवी ती 'जदीद'.

इथे विद्यार्थी हादरतो. आपण दीन समजत होतो त्यातले दीनचे किती आणि आपल्या गावच्या रिवाजाचे किती? सुट्टीत तो गप्प गप्प असतो. आईवडिलांना वाटते, पोरगा बिघडला. काही जण तर दोन वर्षे शिकून आजोबांच्या नमाजीत चुका काढतात. त्यांचा अभ्यास अजून अर्ध्यावर असतो. जो पुढे जातो त्याला उमगते की तौहीद, रिसालत, आखिरत आणि पाच वक्तांच्या नमाजीचे फर्ज असणे यांत या इमामांचा मतभेद नाही. मतभेद आहे तो तपशिलात, तोही दलिलीने आणि अदबीने. त्याचे ईमान कमी होत नाही, हट्ट कमी होतो.

म्हणून मुलाने "बरोबर कोण?" विचारले तर "आपण" म्हणून विषय मिटवू नका. दोन्ही वाटा मोठ्या इमामांच्या आहेत, हे त्याला घरातच कळू द्या. मग मदरशातला धक्का त्याला तोडणार नाही, घडवील.