अण्णांची जवारी

आमच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन येत्या दशलक्षण पर्वात सहा वर्षे पूर्ण होतील. पर्वाचे दिवस जवळ आले की सांगलीच्या घरात कोपऱ्यात उभा असलेला तंबोरा मी गवसणीतून बाहेर काढतो. तो त्यांनी स्वतः घडविलेला आहे. मला गाता येत नाही. चार तारा छेडीत थोडा वेळ बसतो, इतकेच.

आमचे घर हळदीच्या व्यापारातले. आजोबांची अडत होती. पुढे ती काकांनी सांभाळली. थोरले असूनही अण्णा पेढीवर रमले नाहीत. सांगलीपासून मिरज अवघी दहा किलोमीटर, आणि मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेथील सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अशाच एका वृद्ध कारागिरांकडे अण्णा विशीत शिकावयास जाऊ लागले. त्यांना ते ‘चाचा’ म्हणत. रोज सायकलने जावे, सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून डबा बरोबर न्यावा, आणि दिवेलागणीनंतर परतावे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला.

गाण्याचे वेड तर विलक्षण. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये निधन पावल्यावर तेथल्याच दर्ग्याच्या परिसरात विसावले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गायक-वादक हजेरी लावतात. अण्णा दर वर्षी तेथे रात्रभर ऐकत बसत आणि पहाटे परस्पर मंदिरात दर्शन घेऊन घरी येत. आम्हा भावंडांना मांडीवर घेऊन ते तंबोरा छेडीत. त्या नादातच आम्हाला झोप लागत असे.

पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे ते टिचकी मारून, कान लावून निवडीत. पण त्यांची खरी कसोटी होती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कानशीने इतक्या अलगद घासावयाचा, की कंप पावणारी तार त्यावर जेमतेम टेकावी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. ती सापडली की एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. त्यासाठी ते प्रहर प्रहर बसत.

अडचण होती ती घोडीचीच. घोडी परंपरेने हाडाची वा सांबरशिंगाची करीत. अण्णांनी चाचांना सांगितले, “मला हे जमणार नाही.” चाचा रागावले नाहीत. म्हणाले, “मग लाकडाची कर. पण हाड फार काळ टिकते, लाकूड लवकर झिजते, हे ध्यानात ठेव.” तेव्हापासून अण्णांच्या घोड्या काळ्याभोर आबनुसाच्या. कुणी म्हणे, “अहो, शिंग तर आपोआप गळते!” त्यावर त्यांचे उत्तर असे, “बाजारात आलेले शिंग गळलेले की घेतलेले, हे मला कोण सांगणार?” सांधे जोडण्यासाठी जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरसही त्यांनी सोडला आणि पांढरा कृत्रिम गोंद वापरू लागले. मात्र पॉलिशची लाख किड्यांपासूनच येते, हे ते जाणून होते. “माझ्याकडून सगळे सुटलेले नाही,” असे ते स्वतः होऊन सांगत.

लाकडी घोडी झिजे, जवारी बिघडे, आणि गिऱ्हाईक परत येई. त्याचे काम अण्णा विनामूल्य करीत. काकांनी एकदा हिशोब मांडून दाखविला, तेव्हा म्हणाले, “व्रत माझे आहे. त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसावा?”

हे वाक्य मला पुढे फार बोचले. मी वाणिज्य शाखेसाठी पुण्याला जाणार होतो, त्याच वर्षी एका व्यापाऱ्याने बारा तंबोऱ्यांची मागणी आणली. आगाऊ रक्कमही देऊ केली. अट एकच, घोड्या हाडाच्या हव्यात. अण्णांनी हात जोडून नकार दिला. माझे शुल्क काकांकडून उसने घ्यावे लागले, आईच्या बांगड्या गहाण पडल्या. त्या रात्री मी सर्वांसमक्ष म्हणालो, “गिऱ्हाइकाने भुर्दंड सोसू नये, आणि आम्ही मात्र सोसावा काय?” अण्णा काही बोलले नाहीत. कानस पुसून त्यांनी पेटीत ठेवली.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी पुण्याहून आलो. मंदिरातून परतल्यावर नियमाप्रमाणे मी त्यांच्या पाया पडणार, तोच त्यांनीच माझ्यापुढे हात जोडले. म्हणाले, “माझ्या व्रताचा भार मी तुला न विचारता तुझ्यावर टाकला. उत्तम क्षमा.” वडिलांनी मुलापुढे जोडलेले ते हात पाहून माझी वाचाच गेली. क्षमा मी मागावयास हवी होती. शब्द आले नाहीत, आणि पुढेही कधी ते नीट बोललो नाही. उसने पैसे त्यांनी तीन वर्षांत फेडले, बांगड्या सोडविल्या. व्रत मात्र तसेच राहिले.

आज मी पेढीवर बसतो. मालाचा दर्जा सांगताना खोटे बोलण्याचा मोह ज्या क्षणी होतो, त्या क्षणी ते जोडलेले हात डोळ्यांपुढे येतात.

गेल्या वर्षी तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणून तो मिरजेला नेला. चाचांचे नातू आता दुकान पाहतात. घोडीवरून बोट फिरवून ते म्हणाले, “हे अण्णांच्या हातचे काम. हाडाची घोडी बसवू का? वारंवार यावे लागणार नाही.”

मी म्हणालो, “नको. मी येत जाईन.”

त्यांनी हसून कानस हाती घेतली. मजुरी मी आग्रहाने दिली. संध्याकाळी घरी येऊन तारा छेडल्या, तेव्हा माझी नात मांडीवर येऊन बसली आणि थोड्या वेळात झोपी गेली. अण्णांपुढे न उच्चारलेले दोन शब्द मी त्या नादात मनोमन म्हटले.