ब्रेकचं व्याज

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने पदार्थविज्ञानात लुडबुड करू नये, असा एक सभ्य संकेत आहे. कॉलेज सुटल्यापासून मी तो कसोशीने पाळत आलो होतो. वीज म्हणजे दर महिन्याला बिल येते ती, आणि ऊर्जा म्हणजे पेन्शनच्या दिवशी ज्येष्ठ नागरिक काउंटरपुढच्या रांगेत दाखवतात ती, एवढ्या दोन व्याख्यांवर माझा संसार सुखाने चालला होता. पण घरात विजेवरची स्कूटर आली आणि तिच्यासोबत, साडीवर ब्लाउजपीस यावा तसा, एक शब्द आला : रीजनरेटिव्ह ब्रेकिंग.

दुकानातल्या मुलाने तो शब्द इतक्या भक्तिभावाने उच्चारला की मी नकळत चप्पल काढण्याच्या बेतात होतो.

"म्हणजे काय हो?" सौ.ने विचारले.

"मॅडम, तुम्ही ब्रेक मारला की गाडी चार्ज होते."

सौ.चे डोळे चमकले. "म्हणजे जितके ब्रेक, तितकी कमाई?"

"अगदी तसंच!" मुलगा म्हणाला. विक्री होईपर्यंत दुकानात सगळे अगदी तसेच असते.

ही बातमी आमच्या इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या काकांनी तर संध्याकाळपर्यंत योजनाच आखली. "तुम्ही असं करा, रोज सकाळी गाडी घेऊन घाटात जा आणि उतरत राहा. महिन्याभरात घरची वीज त्याच्यावर चालवाल." घाट उतरण्यासाठी तो आधी चढावा लागतो, ही किरकोळ बाब काकांनी तपशील म्हणून माझ्यावर सोपवली होती.

आता, बँकेत वीसेक वर्षे काढलेल्या माणसाला 'आपोआप वाढतं' असे कोणी म्हटले की त्याच्या पोटात गोळा येतो. पैसे आपोआप वाढवून देणाऱ्या मंडळींच्या मागे नंतर फिरणारी माणसे मी काउंटरवरून पाहिली आहेत. जमेच्या बाजूला काही दिसले की ते कोणाच्या तरी नावे पडलेले असणारच, हा आमचा धर्म. तेव्हा ब्रेक दाबल्यावर जमा होते ते नेमके कोणाच्या खात्यातून, हे शोधणे भाग होते.

खुलासा केला चिरंजीवांनी. ते अकरावीत विज्ञान शाखेला आहेत, आणि वडील वाणिज्य शाखेचे असल्याबद्दल त्यांनी मला मोठ्या मनाने क्षमा केली आहे.

"बाबा, आजोबांच्या सायकलला डायनॅमो होता ना?"

होता. औषधाच्या बाटलीएवढा. खटका दाबला की त्याचे बोंडूक टायरला टेकायचे, गुर्रर्र आवाज व्हायचा आणि पुढे पिवळा दिवा लागायचा. पण दिवा लागला की सायकल जड व्हायची. म्हातारपणी तर वडील नगरपालिकेच्या दिव्याखालून जाताना खाली वाकून डायनॅमो बाजूला करीत आणि अंधार आला की पुन्हा टेकवीत. तो उजेड फुकट आहे असे आम्हा पोरांना वाटे. त्याचे बिल त्यांच्या पोटऱ्या भरत होत्या.

"ते जड होणं म्हणजेच तुमचा ब्रेक," चिरंजीव म्हणाले. "मोटरला वीज दिली की ती फिरते. तीच मोटर बाहेरून फिरवली की वीज देते. यंत्र एकच. तुम्ही मूठ सोडली की गाडी आपल्या वेगानं मोटर फिरवते, मोटर वीज करते, वीज बॅटरीत जाते. आणि वीज करायचं काम पडल्यामुळं चाक जड होतं. फॅरडेनं १८३१ सालीच दाखवलंय की चुंबक आणि तारेची वेटोळी एकमेकांजवळ हलवली की वीज होते."

एवढे समजल्यावर मला साधा ब्रेक म्हणजे काय तेही प्रथमच कळले. साध्या ब्रेकमध्ये एक वस्तू दुसरीवर घासते, गाडीचा वेग उष्णता होऊन हवेत जातो आणि खेळ खलास. आमच्या भाषेत बुडीत कर्ज. पेट्रोलच्या पैशाने वेग विकत घ्यायचा आणि पुढच्या चौकात म्हैस आडवी आली की तो सगळा माफ करून टाकायचा, हे आपण इतकी वर्षे करत आलो आणि त्याबद्दल म्हशीला शिव्या देत आलो. नवा ब्रेक निदान वसुलीचा प्रयत्न करतो.

मात्र वसुली किती, हे मी कागदावर मांडून पाहिले. गाडी, मी आणि सौ. मिळून २५० किलो धरले. (यातला प्रत्येकाचा वाटा गोपनीय आहे, खातेदाराच्या संमतीशिवाय सांगता येत नाही.) वेग ताशी ४० किलोमीटर. चिरंजीवांच्या सूत्राप्रमाणे या वेगात साठलेली ऊर्जा १५ हजार ज्यूलच्या थोडी वर भरली. आकडा ऐकून सौ. हरखली. पण विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे असे सुमारे २३० वेळा थांबावे, तेव्हा एका युनिटची ऊर्जा हाताखालून जाणार. तीही पूर्ण मिळत नाही. मोटर आपला वाटा कापते, विजेचे नियंत्रण करणारी पेटी कापते, बॅटरी भरताना कापते आणि परत काढतानाही कापते. आमच्याकडे टीडीएस कापला तर निदान रिटर्न भरून परत मागता येतो. इथे ती सोय नाही. शिवाय चालण्याच्या वेगावर आले की मोटर एवढी हळू फिरते की वीज नावाला उरते; शेवटचे थांबणे साध्या ब्रेकनेच करावे लागते. उदार मनाने निम्मी ऊर्जा परत मिळाली असे समजलो, आणि हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तर एका थांबण्याचे उत्पन्न आले दोन पैसे.

दोन पैसे! पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. म्हणजे माझी स्कूटर मला दर ब्रेकमागे इमाने इतबारे असे नाणे देते, जे आमची बँकच घेणार नाही.

"मग विजेच्या सायकलला तर काहीच मिळत नसेल," मी म्हणालो.

बऱ्याच सायकलींना खरोखरच मिळत नाही. सायकल हलकी, वेग कमी, त्यामुळे मुद्दलच तोकडे. त्यातून पुष्कळशा सायकलींच्या मोटरीत अशी कळ असते, की मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. फायदा एवढाच, की वीज संपली तरी मोटरीचे ओझे न ओढता पायडल मारता येते. उलट वजन जास्त आणि थांबे पुष्कळ, तिथे या विद्येचे सोने होते. अशी वस्तू कोणती, तर आगगाडी. हे मला सौ.च्या मामांनी सांगितले.

मामा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. उभे आयुष्य घाटात गेले. निवृत्तीनंतर उन्हाळ्याचे दोन महिने ते पाचगणीला आपल्या भाच्याकडे, म्हणजे माझ्या मेव्हण्याकडे, येऊन राहतात. आम्ही वाईला. तेव्हा एका रविवारी आम्ही नवी स्कूटर दाखवायला म्हणून पसरणीचा घाट चढून जेवायला गेलो.

मामांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगचे कौतुक शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जावईबापू, हे आमच्या खेकड्याला येत होतं."

खेकडा म्हणजे १९२८ च्या सुमारास खास घाटासाठी परदेशातून आणलेले विजेचे मालगाडीचे इंजिन. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि पुढच्या पाचएक वर्षांत वीज दोन्ही घाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेली. दोन्ही घाटांत ३७ फुटांना एक फूट असा चढ. तो चढायला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने लावतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात.

"आमचा बँकर मागून ढकलतो," मामा मिशीत हसले, "तुमचा काउंटरवर बसून अडवतो."

सौ. जरा जास्तच हसली.

"आणि उतरताना?" मी विषय बदलला.

"उतरताना मोटरी उलट कामाला लागायच्या. वीज तारेत परत. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असली तर ती आमची वीज खाऊन वर जायची. एक उतरतोय म्हणून दुसरा चढतोय. फक्त घेणारा असला पाहिजे. तारेवर घेणारा कोणी नसला, तर वीज करून ठेवणार कुठं? मग आपला साधा ब्रेक."

हे ऐकून मला गहिवरून आले. हे तर साक्षात क्लिअरिंग हाऊस! याचा चेक त्याच्या नावे, त्याचा याच्या. आजही मेट्रो आणि मुंबईच्या नव्या लोकल थांबताना अशीच वीज परत करतात. दिल्ली मेट्रोच्या या ब्रेकची तर २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या योजनेखाली कार्बन क्रेडिटसाठी नोंदणी झाली. रेल्वे प्रकल्पांत जगात पहिलीच. ब्रेक लावून क्रेडिट मिळवणारी संस्था मला वंदनीय आहे. आमच्याकडे क्रेडिट दिल्यावर ब्रेक लावतात.

चार वाजता निघायला म्हणून उठलो, तर मेव्हणा अभिमानाने म्हणाला, "भावजी, तुमची गाडी आल्या आल्या लावून ठेवली होती. फुल्ल केलीय, शंभर टक्के!" पाहुणा उपाशी जाऊ नये हे त्याने गाडीलाही लागू केले होते.

मामांचा चेहरा बदलला. "अरे, शंभर कशाला केलीस? घाट उतरायचाय त्यांना."

"म्हणजे?"

"जावईबापू, मघाशी चौथी पुरणपोळी वाढली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"ताटावर आडवा हात धरला."

"ही बॅटरी आता तेच करणार. जागाच नाही तर घेणार कुठं? तुमची मोटर आज तुम्हाला धरून ठेवणार नाही. हातातल्या दोन ब्रेकांवर घाट उतरायचाय."

मग मामांनी, हिरवा झेंडा दाखवण्याआधी द्याव्या तशा, सूचना दिल्या. वेग वरूनच कमी ठेवायचा. दुप्पट वेगाला ब्रेकवर चौपट बोजा येतो. ब्रेक धरून बसायचे नाही, दाबायचा आणि सोडायचा. दोन्ही वापरायचे. जळका वास आला तर थांबायचे, कारण तापलेला ब्रेक हाताला लागतो पण चाकाला लागत नाही. शेवटी म्हणाले, "गाडी चढवणं इंजिनाचं काम. उतरवणं माणसाचं."

पहिल्याच उतारावर मी मूठ सोडली. एरवी मूठ सोडली की कोणी खांद्यावर हात ठेवावा तशी गाडी मागे ओढली जाते. त्या दिवशी हात आला नाही. अडीचशे किलोंचा ऐवज आपल्या मर्जीने खाली निघाला. डावी-उजवी वळणे, समोरून पर्यटकांच्या मोटारी, खाली दूर धोमचे पाणी, आणि पाठीमागे सौ. तिने माझा खांदा धरला होता, आणि ती बोलत नव्हती. लग्नानंतर ती इतका वेळ बोलली नाही असे प्रसंग मोजके आहेत. दाबा, सोडा. दाबा, सोडा. मध्ये दोनदा थांबलो. ब्रेक थंड होईपर्यंत कठड्याजवळ उभे राहिलो, आणि गंमत म्हणजे, दर महिन्याला येतो-जातो त्या घाटात कृष्णेचे खोरे इतके सुंदर दिसते हे आम्हाला त्या दिवशी कळले. बारा किलोमीटरला पाऊण तास लागला. पसरणी गावाशी सपाटीला आलो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, ते दोन पैसे मिळत नव्हते म्हणून इतकी भीती वाटली का हो?"

मी विचार केला. बाईने नेमके बोट ठेवले होते. दुकानातल्या मुलाने आम्हाला त्या ब्रेकची कमाई सांगितली होती; त्याचे खरे मोल धरून ठेवण्यात होते. मिळणारी वीज ही व्याज नव्हेच. आपणच घातलेल्या मुद्दलातली थोडी परतफेड, तीही घेणाऱ्याकडे जागा असली तर. घाट चढताना जेवढी खर्ची पडली, तेवढी उतरताना कोणीच परत देत नाही. मात्र त्या परतफेडीच्या लोभाने माणूस दूरवर पाहून मूठ आधीच सोडायला शिकतो. आता मी म्हैस दिसल्यावर नाही, म्हैस दिसण्याचा संभव दिसल्यावर वेग कमी करतो. हॉर्न महिन्यात दोनदा वाजतो.

घाटात जायचे असले की आता आम्ही गाडी ऐंशी टक्क्यांवर थांबवतो. मेव्हण्यालाही तशी ताकीद आहे. पुरणपोळीला मात्र ती लागू नाही.

राहता राहिला कमाईचा प्रश्न. गावात दिवसाला पन्नासेक वेळा थांबणे होते. दोन पैशांप्रमाणे झाला एक रुपया. सौ. रोज रात्री तो माझ्याकडून वसूल करते आणि डाळीच्या डब्यात टाकते. वर्षाचे ३६५ होतील. त्यातून काय घ्यायचे यावर घरात चर्चा झाली. चिरंजीवांनी पिझ्झा सुचवला, मी काही सुचवायच्या आतच सौ.ने ठराव संमत करून टाकला : त्या पैशांतून गाडीला नवे ब्रेक शू घालायचे. जुने घासले नसले तरी.